सत्तरीतल्या आईची टार्गेटेड थेरपी आणि न सांगितलेले त्रास

सेलूची_लेक · ४ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार. बरेच दिवस इथं नुसतं वाचत होते, आज लिहितेय.

आई ७१ वर्षांची. गेल्या दिवाळीनंतर डाव्या स्तनातल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये हर-टू पॉझिटिव्ह आलं, म्हणजे गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त होतं. जानेवारीपासून पॅक्लिटॅक्सेल या किमोचे आठवड्याला एक असे १२ डोस झाले, सोबत ट्रास्टुझुमॅब, म्हणजे त्या हर-टूवरच नेम धरणारं टार्गेटेड इंजेक्शन. किमो एप्रिलमध्ये संपली, पण ट्रास्टुझुमॅब दर २१ दिवसांनी वर्षभर आहे. आम्ही सेलू तालुक्यातले, इंजेक्शन संभाजीनगरला. सकाळच्या मराठवाडा एक्स्प्रेसने जायचं, दिवस मावळता परत निघायचं.

किमो संपल्यावर आम्हाला वाटलं, अवघड ते सरलं. केस परत यायला लागले, तोंडाला चव आली. 'आता हे साधं इंजेक्शन आहे' असं मीच चार पाहुण्यांना सांगितलं. डॉक्टरांनी मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की या औषधानं हृदयाची पंप करायची ताकद कमी होऊ शकते, म्हणून दर तीन महिन्यांनी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा. एका ठोक्यात हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं त्या आकड्याला ई.एफ. म्हणतात. जानेवारीत ई.एफ. ६२ होता, एप्रिलमध्ये ५८. जुलैचा इको राहिला. पेरणी लांबलेली, दादा शेतात, मी सासरी. आई म्हणाली, 'पुढच्या खेपेला करू की, मला काय झालंय?' आणि आम्ही ऐकलं. चूक आमची आहे, दवाखान्याची नाही.

पोळ्याला मी माहेरी गेले. पुरण वाटून झालं, आई पोळ्या लाटायला बसली आणि चारच पोळ्यांनी थांबली. म्हणाली, 'तू कर गं, माझी कंबर धरली.' मी तिच्याजवळ बसले तेव्हा पायाकडं लक्ष गेलं. बोटांत जोडवी नव्हती. माझी आई, बाबा हयात असताना जोडवी काढणारी बाई नाही. ऑपरेशनच्या वेळी सिस्टरनी दागिने काढायला लावले तेव्हा शेवटपर्यंत हातात धरून बसली होती. मी विचारलं तर तिनं पदराची गाठ सोडून दाखवली. दोन्ही जोडवी त्यात होती.

'रुतायली होती गं. पाय जरा फुगायलेत. तुझ्या बापाला सांगू नको.'

मग एकेक निघत गेलं. तीन आठवड्यांपासून ती रात्री भिंतीला टेकून बसून झोपत होती, आडवं झालं की दम लागायचा. मागच्या न्हाणीपर्यंत जाताना मधे ओट्यावर बसायची. चपलेचा पट्टा सैल करून घेतला होता. आणि हे सगळं चालू असताना २१ दिवसांपूर्वीच्या खेपेला डॉक्टरांनी 'कशा आहात?' विचारल्यावर तिनं सांगितलं होतं, 'बरी हाय.' मी शेजारीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी इको केला. ई.एफ. ४७. इंजेक्शन थांबवलंय, हृदयाच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात, ४ ते ६ आठवड्यांनी परत इको.

मी तिला विचारलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, 'एवढा खर्च करायलाव माझ्यावर, अन् मी अजून एक गाऱ्हाणं सांगू? अन् वय झालं की पाय सुजतातच.'

ज्यांच्या घरी साठी-सत्तरीतलं माणूस अशा औषधांवर आहे त्यांनी कृपया लिहा. ट्रास्टुझुमॅबच नाही, गोळ्यांवर असलेल्यांनीही. घरच्यांनी नेमकं काय बघायचं, ते मला गोळा करायचंय.

निळी_ओढणी · ४ सप्टेंबर, रात्री ११:२५

ताई, मी १४ वर्षं कॅन्सरच्या डे-केअरमध्ये स्टाफ नर्स आहे. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

आधी धीराचं बोलते. ट्रास्टुझुमॅबनं ई.एफ. घसरणं आणि डॉक्सोरुबिसिनसारख्या लाल रंगाच्या किमो औषधानं हृदयाला इजा होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाल औषधाची इजा डोस साठत जातील तशी वाढते आणि बरीचशी कायमची असते. ट्रास्टुझुमॅबची घसरण बहुतेकदा औषध थांबवल्यावर आणि हृदयाच्या गोळ्यांवर भरून येते. तुमच्या आईंना लाल औषध मिळालेलं नाही, ही जमेची बाजू. पण वय, बी.पी., शुगर, आधीचा हृदयाचा त्रास, यांनी धोका वाढतो. म्हणून सत्तरीच्या पेशंटचा इको पुढं ढकलायचा नाही. पेरणी असो, लग्न असो.

आता 'बरी हाय' बद्दल. हे उत्तर मी रोज ऐकते. आमच्याकडं येणाऱ्या बायकांना मी 'त्रास आहे का?' हा प्रश्नच विचारायचं सोडून दिलंय. त्याऐवजी विचारते: रात्री उशा किती घेता? झोपेतून उठून बसावं लागतं का? मंदिराच्या पायऱ्या मागच्या महिन्यात एका दमात चढायच्या का, आणि आता? चप्पल घट्ट होते का? बांगडी काढताना साबण लागतो का? याला त्या खरं उत्तर देतात, कारण यात त्यांना गाऱ्हाणं केल्यासारखं वाटत नाही.

घरी एक वजनकाटा ठेवा. सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन बघायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावर आलेलं मांस नसतं, पाणी असतं. त्याच दिवशी फोन करा. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते बघा.

पहिल्या डोसबद्दल नवीन लोकांसाठी सांगते. पहिल्या वेळी थंडी वाजून ताप येणं हे साधारण १० मधल्या ४ जणींना होतं, म्हणून पहिलं सलाईन ९० मिनिटं सावकाश देतात आणि नंतर बसवून ठेवतात. पुढच्या खेपांना ते क्वचित होतं. ते बघून घाबरून उपचार सोडू नका.

बालाघाटचा_नातू · ५ सप्टेंबर, सकाळी ७:१०

आमची गोष्ट गोळ्यांची. आजी ७४, पाटोदा तालुका, जिल्हा बीड. तिचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा, हर-टू निगेटिव्ह, हाडात पसरलेला. हार्मोन कमी करणारी लेट्रोझोल आणि कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणारी अबेमासिक्लिब १५० ची गोळी दोन वेळा. मार्चअखेर सुरू केलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की जुलाब होतील, पहिल्या महिन्यात जास्त होतील. लोपेरामाइडच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि सांगितलं होतं की पहिलं पातळ झालं की लगेच घ्यायची, वाट बघायची नाही. आम्ही त्या गोळ्या घेऊन आलो आणि फडताळात ठेवल्या. आजीला दिवसाला सहा-सात वेळा जावं लागत होतं आणि ती सांगायची दोनदा.

आमच्याकडं संडास अंगणाच्या टोकाला. एप्रिल-मे म्हणजे ४२ डिग्री, टँकर चार दिवसांनी यायचा. आजीनं तिच्या मनानं उपाय काढला. पाणीच प्यायचं कमी केलं. संध्याकाळी पाचनंतर घोटभरसुद्धा नाही, म्हणजे रात्री उठायला नको आणि बादलीभर पाणी वाया जायला नको. टँकरच्या पाण्याचा हिशेब ती करत होती आणि आम्हाला कुणाला कळलं नाही.

१९ मेच्या पहाटे ती अंगणात पडली. उठताना डोळ्यासमोर अंधारी आली. नशीब, हाड मोडलं नाही. दवाखान्यात नेलं तर जीभ कोरडी लाकडासारखी, बी.पी. ९० च्या खाली, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढून १.९. आणि ती बी.पी.ची गोळी रोज घेत होती, ज्यात लघवी वाढवणारं औषधही होतं. म्हणजे एकीकडून जुलाब, एकीकडून ती गोळी, आणि वरून पाणी बंद.

सलाईन लावलं, अबेमासिक्लिब आठवडाभर थांबवली, बी.पी.ची गोळी बदलून दिली. मग १०० ची दोन वेळा सुरू केली. आता पाच महिने होत आले, महिन्यातून चार-पाच दिवस पोट बिघडतं, बाकी ठीक आहे. हाडाचं दुखणं कमी झालंय, शेळ्या सोडायला जाते. तेव्हा औषध वाईट आहे असं मी म्हणणार नाही.

आम्ही तिच्या खोलीतच कमोडची खुर्ची आणली. पहिले चार दिवस लाजली. आणि दीड लिटरची एक बाटली तिच्या नावाची, सकाळी भरून द्यायची, रात्री ती रिकामी दिसली पाहिजे. हे काम माझ्या धाकट्या बहिणीकडं आहे आणि ती पोलिसापेक्षा कडक आहे.

सेलूची_लेक · ५ सप्टेंबर, सकाळी ९:०२

@बालाघाटचा_नातू, दादा, पाण्याचा हिशेब वाचून घशात आवंढा आला. आमच्या आईनं हेच केलं असतं.

गोळी_आणि_चिठ्ठी · ५ सप्टेंबर, दुपारी १:३५

धाराशिव जिल्ह्यात माझं औषधाचं दुकान आहे. कॅन्सरची औषधं मी विकत नाही, पण ती घेणारे पेशंट खोकला, ताप, ॲसिडिटी यांची चिठ्ठी घेऊन माझ्याकडंच येतात, आणि घोळ तिथंच होतो.

रायबोसिक्लिब नावाची गोळी आहे, वर बालाघाटच्या भावांनी लिहिलेल्या गोळीच्याच कुटुंबातली. हिनं हृदयाच्या ठोक्यांमधलं विजेचं अंतर लांबू शकतं, डॉक्टर त्याला क्यू-टी म्हणतात. म्हणून सुरू करण्याआधी ई.सी.जी., परत १४ व्या दिवशी ई.सी.जी. काढतात. आता गंमत नाही, काळजीची गोष्ट अशी की क्यू-टी लांबवणारी इतर औषधं आपल्याकडं चणेफुटाण्यासारखी खपतात. खोकल्याला ॲझिथ्रोमायसिन. लघवीच्या जळजळीला लिव्होफ्लॉक्सासिन. उलटीला ऑन्डान्सेट्रॉन. आणि सगळ्यात जास्त म्हणजे ॲसिडिटीची ती कॅप्सूल, ज्यात पॅन्टोप्राझोलबरोबर डोमपेरिडोन असतं. ही तर लोक चिठ्ठीशिवाय मागतात.

मागच्या हिवाळ्यात ६८ वर्षांच्या एक मावशी आल्या. खोकल्यासाठी गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी, त्यावर ॲझिथ्रो ५०० आणि ती ॲसिडिटीची कॅप्सूल. मी सहज विचारलं, अजून काय चालू आहे? म्हणाल्या, 'गाठीची गोळी, तीन-तीन घेते, तीन आठवडे.' मी पिशवी दाखवा म्हणालो. रायबोसिक्लिब २०० च्या तीन. मी दोन्ही औषधं दिली नाहीत, त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना त्यांच्याच फोनवरून फोन लावला, त्यांनी दुसरं ॲन्टिबायोटिक सांगितलं. गावातल्या डॉक्टरांची चूक म्हणता येत नाही. मावशींनी त्यांना सांगितलंच नव्हतं, कारण 'ती गाठीची गोळी आहे, खोकल्याशी काय संबंध?'

सगळ्यांना विनंती. पेशंट कुठंही जाऊ दे, साध्या सर्दीला जाऊ दे, औषधांची अख्खी पिशवी सोबत द्या. रिकामी पाकिटंसुद्धा. मोबाइलमध्ये प्रत्येक पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो ठेवा.

आणि काढे. गुळवेलीचा काढा आरोग्यासाठी म्हणून रोज पिणाऱ्यांमध्ये लिव्हरला सूज आल्याच्या केसेस आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. रायबोसिक्लिब, हर-टूवरची लॅपाटिनिब ही गोळी आणि टी-डीएम१ हे इंजेक्शन, ही औषधं लिव्हरवर भार टाकणारीच आहेत. कुणी प्रेमानं आणून दिला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मांजराकाठ · ५ सप्टेंबर, सायंकाळी ६:५०

माझं मत पटणार नाही कदाचित. माझ्या मावशीला ७८ व्या वर्षी हे सगळं केलं. शेवटचं वर्ष तिचं दवाखान्याच्या खुर्चीत गेलं. एवढे त्रास वाचून वाटतं की सत्तरीनंतर कशाला करायचं? दोन वर्षं कमी जगल्या तरी घरात, नातवंडांत जगू द्या. आपण मुलं आपल्या समाधानासाठी करतो का, हे स्वतःला विचारा.

सेलूची_लेक · ५ सप्टेंबर, रात्री ८:१५

तुमचं दुःख समजतंय. पण आम्ही आईलाच विचारलं होतं, ऑपरेशनच्या आधी. तिचं उत्तर होतं, 'मला जगायचंय, कापूस वेचायला नाही आलं तरी चालंल.' दुसरं म्हणजे तिची गाठ पसरलेली नव्हती. ती बरी व्हावी म्हणूनच हे चाललंय.

ग्रामीण_रुग्णालय_नांदेड · ६ सप्टेंबर, रात्री १२:०५

मी फिजिशियन आहे, कॅन्सरतज्ज्ञ नाही. पण या पेशंट अधेमधे आमच्याकडंच येतात, म्हणून लिहितो.

मांजराकाठ, तुमचा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचं उत्तर वयाच्या आकड्यात नसतं. माझ्या ओपीडीत ७६ वर्षांच्या बाई आहेत, रोज दोन किलोमीटर चालतात, त्यांना एक साधी बी.पी.ची गोळी आहे. आणि ६४ वर्षांच्या आहेत, ज्यांना शुगर, अशक्त हृदय, दोनदा पडलेल्या, आठ औषधं चालू. दोघींना एकच माप कसं लावणार? म्हणूनच आता ६५ च्या पुढच्या पेशंटचं उपचाराआधी वेगळं मूल्यमापन करावं अशी शिफारस आहे. किती चालतात, मागच्या सहा महिन्यांत पडल्या का, स्मरण कसं आहे, वजन घटलं का, किती औषधं चालू आहेत, घरी रात्री सोबत कोण असतं. यातून कुणाला पूर्ण उपचार झेपेल, कुणाला हलका द्यावा, हे ठरवता येतं.

हलका म्हणजे काय, याचीही अभ्यासलेली उदाहरणं आहेत. जपानमध्ये ७० ते ८० वयाच्या, ऑपरेशन झालेल्या हर-टू पॉझिटिव्ह २७५ स्त्रियांवर अभ्यास झाला, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नुसतं ट्रास्टुझुमॅब, निम्म्यांना सोबत किमो. तीन वर्षांनी रोग न उलटलेल्यांचं प्रमाण नुसत्या ट्रास्टुझुमॅबवाल्यांत ८९.५ टक्के, किमोवाल्यांत ९३.८ टक्के. थोडा फरक आहे, पण किमोचा त्रास ज्यांना झेपणारच नाही त्यांच्यासाठी हा रस्ता आहे, हे त्यातून दिसतं. ब्रिटनमध्ये चार हजारांवर स्त्रियांमध्ये ६ महिने आणि १२ महिने ट्रास्टुझुमॅब यांची तुलना झाली. चार वर्षांनंतर दोन्ही गटांत जवळपास सारखाच निकाल, आणि हृदयाच्या त्रासामुळं औषध बंद करावं लागलेल्या सहा महिन्यांच्या गटात ३ टक्के, वर्षाच्या गटात ८ टक्के. आजही शिफारस वर्षभराचीच आहे, कारण इतर सगळ्या अभ्यासांचा कौल असा एकसारखा नाही. पण सेलूच्या ताई, तुमच्या आईंचे आठ महिने झालेत. उद्या हृदयानं साथ दिली नाही आणि इथंच थांबावं लागलं, तरी झालेला उपचार वाया गेला असं समजू नका. निर्णय मात्र तुमचे कॅन्सरचे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून घेतील.

बीडच्या भावांसाठी एक. अबेमासिक्लिबनं क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर जातो, किडनीला इजा नसतानाही, कारण ते लघवीवाटे बाहेर टाकण्याची एक वाट हे औषध अडवतं. त्यामुळं किंचित वाढीनं घाबरू नका. पण तुमच्या आजींचं १.९ हे कोरडं पडल्यामुळंच वाढलेलं असणार, सलाईननंतर खाली आलं असेल. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर सांगा. तेही त्याच वाटेनं बाहेर पडतं, शरीरात जास्त साठू शकतं, आणि त्यानं स्वतःनंही जुलाब होतात.

बालाघाटचा_नातू · ६ सप्टेंबर, सकाळी ६:३०

सर, बरोबर. चार दिवसांत १.२ वर आलं. शुगर नाही तिला. मनापासून आभार.

खडू_फळा · ६ सप्टेंबर, दुपारी ४:२०

मी स्वतः पेशंट आहे. वय ६९, लातूर, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. सगळे 'आई सांगत नाही' लिहीत आहेत, म्हणून आईच्या बाजूनं लिहिते.

मी पॅल्बोसिक्लिबवर आहे, वरच्या अबेमासिक्लिबच्याच कुटुंबातलं औषध, पावणेदोन वर्षं. २१ दिवस कॅप्सूल, ७ दिवस सुट्टी. २०२३ च्या जानेवारीत या औषधाचं पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त कॅप्सूल आली, नाहीतर माझ्या पेन्शनमध्ये हे बसलं नसतं.

माझा त्रास दिसत नाही. सूज नाही, उलटी नाही, केस थोडे विरळ झालेत एवढंच. पण पांढऱ्या पेशी उतरतात. सुरुवातीला १२५ वर होते, दुसऱ्या महिन्यात इतक्या उतरल्या की पुढची पाकिटं आठवडाभर लांबवली, मग डोस १०० केला. पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी रक्त. आणि थकवा. हा थकवा मला कुणाला समजावून सांगता आला नाही. दुपारी वेणी घालायला हात वर केले तर मधेच खाली ठेवावे लागायचे. सुनेला वाटलं मन लागत नाही. मला स्वतःलाही वाटलं की मी आळशी झाले. चाळीस वर्षं सकाळी सातची शाळा केलेल्या बाईला हे कबूल करणं जड जातं.

आम्ही का सांगत नाही, तर भीती असते. सांगितलं तर औषध बंद करतील, आणि औषध बंद म्हणजे संपलं, असं वाटतं. मला वर्षभर हेच वाटत होतं. मी रक्ताच्या आदल्या दिवशी बीट, डाळिंब असं खाऊन आकडा वाढवायचा प्रयत्न करायची, ज्याचा पांढऱ्या पेशींवर काहीही परिणाम होत नाही. शेवटी आमच्या डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढून सांगितलं, 'बाई, डोस कमी करणं म्हणजे उपचार सोडणं नाही. या औषधाचे १२५, १०० आणि ७५ असे डोस त्यासाठीच बनवलेत.' हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी लपवलं नसतं. तेव्हा मुलांनो, तुमच्या आईला हे आधी सांगा.

तापाचं एक लिहिते. ताप १००.४ च्या वर गेला तर त्याच वेळी दवाखाना, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. किमोत येतो तितका या गोळीत ताप नेहमी येत नाही, पण आला आणि पांढऱ्या पेशी कमी असल्या तर थांबायला वेळ नसतो. आणि ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल घ्यायची नाही. आम्हा म्हाताऱ्यांची हीच सवय असते, अंग कसकसलं की गोळी. मग ताप दिसतच नाही.

सेलूची_लेक · ६ सप्टेंबर, रात्री ९:४८

बाई, तुमची पोस्ट आईला मोठ्यानं वाचून दाखवली, फोनवर. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'त्या बाईला विचार, पाय सुजायलेत का त्यांचे.' नंतर म्हणाली, 'इंजेक्शन बंद केलं म्हणून मला दोन रात्री झोप नाही.' हे तिनं पहिल्यांदा सांगितलं.

खडू_फळा · ७ सप्टेंबर, सकाळी ८:००

त्यांना सांगा, पाय नाही सुजत, पण झोप मलाही नव्हती.

गंगाखेडी · ७ सप्टेंबर, दुपारी २:१५

आत्या ७२, एव्हरोलिमस ही टार्गेटेड गोळी चालू आहे. तोंड आलं, म्हणजे किती, तर ज्वारीची भाकरी दुधात कुस्करूनसुद्धा गिळवेना. ठेचा-मसाला तर लांबच. डॉक्टरांनी डेक्सामेथासोनचं पातळ औषध दिलं, दिवसातून चार वेळा दोन मिनिटं तोंडात खळखळून थुंकायचं. आमची चूक अशी की तोंड आल्यावर सुरू केलं. हे गोळीसोबतच पहिल्या दिवसापासून करतात म्हणे. शिवाय शुगर १४० ची २८० झाली. आत्याला आधीच शुगर आहे, त्यामुळं घरी मशीन घेतलं. अजून कुणाला अनुभव?

निळी_ओढणी · ७ सप्टेंबर, सायंकाळी ७:३०

@गंगाखेडी, बरोबर करताय. त्या औषधावर कोरडा खोकला किंवा चालताना दम लागायला लागला तरी लगेच कळवा, फुप्फुसाला सूज येऊ शकते.

हाच खोकला ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकन घेणाऱ्यांनी तर अजिबात अंगावर काढायचा नाही. हे नवं, वेगळं इंजेक्शन आहे, नुसतं ट्रास्टुझुमॅब नाही. २०२४ च्या बजेटमध्ये ज्या तीन कॅन्सरच्या औषधांवरचं सीमाशुल्क काढलं त्यातलं एक. फार गुणकारी आहे, पण काही पेशंटच्या फुप्फुसात त्यानं सूज येते आणि वेळेत थांबवलं नाही तर जिवावर बेततं. आमच्याकडं परतूरच्या एक आजी होत्या. दिवाळीच्या सुमाराला खोकला सुरू झाला, घरचे म्हणाले जिनिंगचा कापूस उडतोय, चुलीचा धूर आहे, दरवर्षीचंच. तीन आठवडे गेले. ऑक्सिमीटर लावला तर बसल्या जागी ९३ आणि वॉर्डात एक फेरी मारून आल्यावर ८६. स्टेरॉइडवर वाचल्या. ते इंजेक्शन मात्र परत देता आलं नाही. नुसतं बसवून ऑक्सिजन बघू नका, चालवून बघा.

प्रवासाचं कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी दवाखान्यातून ठराविक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. ७५ च्या पुढच्यांना एसटी मोफत आहेच, आणि बायकांना अर्धं तिकीट. पैशापायी खेप चुकवू नका.

शिरा सापडत नसतील तर ट्रास्टुझुमॅब मांडीत, कातडीखाली देण्याचा प्रकारही मिळतो, पाच मिनिटांत होतो. महाग पडतो, पण विचारून बघा.

मांजराकाठ · ८ सप्टेंबर, रात्री १०:३०

सगळं वाचलं. डॉक्टरांचंही. मावशीला आम्ही कधी विचारलंच नव्हतं की तिला काय हवंय. तेवढंच लिहायला आलो.

सेलूची_लेक · १४ ऑक्टोबर, रात्री ९:१०

उशीर झाला, माफ करा. सहा आठवड्यांनी काल इको झाला. ई.एफ. ५४. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले आणि २१ तारखेपासून ट्रास्टुझुमॅब परत सुरू करायचं ठरलं. हृदयाच्या गोळ्या चालूच राहतील, आणि आता तीन महिने न थांबता सहा आठवड्यांनी इको. तारीख दादानं कॅलेंडरवर लाल पेननं लिहिलीय, आणि त्या दिवशी ज्वारीची पेरणी असली तरी गाडी निघणार म्हणाला.

काल एक वेगळं झालं. डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, 'कशा आहात?' आई म्हणाली, 'दोन उशा लागायच्या, आता एक लागायलीय. पाय सांजच्याला जरा फुगतात. वजन अठ्ठावन्न. अन् हातापायाच्या बोटांना मुंग्या येतात, ते मी मागच्या खेपेला सांगितलं नव्हतं.' डॉक्टर लिहायचे थांबले आणि तिच्याकडं बघून हसले. मुंग्या पॅक्लिटॅक्सेलच्या आहेत म्हणाले, हळूहळू कमी होतील, रात्री अंधारात उठताना काठी घ्या.

जोडवी अजून बसत नाहीत. बाबांना कळलं. त्यांनी सेलूच्या सोनाराकडून ती सैल करून आणलीत, सध्या देवघरात ठेवलीत.

@निळी_ओढणी, एक विचारायचं राहिलं. सकाळच्या गाडीला पाचला उठावं लागतं, त्या दिवशी हृदयाच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर चालतील का, की गाडीत दशमी खाऊन द्यायच्या?

निळी_ओढणी · १४ ऑक्टोबर, रात्री १०:०२

५४ वाचून फार बरं वाटलं. कार्व्हेडिलोल असेल तर खाल्ल्यावरच द्या, उपाशीपोटी दिली की उठताना चक्कर येते. तेव्हा दशमी आधी, गोळी मग, आणि गोळीनंतर अर्धा तास त्यांना गाडीत उभं राहू देऊ नका. बाकीच्या गोळ्यांचे फोटो मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, बघून सांगते.